कानवाल्या बाई आणि माझा घोडो

मला आयुष्यात भेटलेल्या सगळ्यात बडबड्या बाईचं तोंड मी फार कमी वेळा पाहिलं. डोळे पाहिले, चष्म्याची दोऱ्याने बांधलेली दांडी पाहिली, कपाळावरची एका बाजूला सरकलेली टिकली पाहिली. पण नाकाखाली कायम काहीतरी आड असायचं. पदर, नाहीतर फाइल, नाहीतर कालचं वर्तमानपत्र. एकदा घाटकोपरच्या भाजीबाजारात मेथीची जुडी होती. त्या जुडीमागून आवाज आला, "डाव्या हाताने नाक धर." मी धरलं. भाजीवाला बघतच राहिला. बाईंनी जुडी होती तिथे ठेवली, "छान" म्हणाल्या आणि शेपू घेऊन निघून गेल्या.

त्यांचं खरं नाव सगळ्यांना माहीत होतं, पण घेत कोणी नसे. घाटकोपर पूर्वेच्या सरकारी दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या डाव्या हाताला, मुलांचे कान तपासायची खोली होती आणि तिथे त्या बसायच्या. म्हणून कानवाल्या बाई. सरकारने तेव्हा नुकतीच मुलांना ऐकायची मशीनं फुकट द्यायला सुरुवात केली होती. काडेपेटीपेक्षा जरा मोठी डबी छातीवर लटकवायची, तिच्यातून एक वायर निघायची आणि कानात गुलाबी बोंडूक बसायचं. आमच्या भटवाडीच्या टेकडीवर असं मशीन लावलेली मी एकटी. आईने फ्रॉकच्या आत त्याच्यासाठी खिसा शिवला होता. मी पळाले की कापड घासायचं आणि मला वाटायचं, माझ्या पोटात कोणीतरी कागद फाडतंय.

बाई त्या मशीनला सासूबाई म्हणत. दिवसभर छातीवर बसते, जरा सैल सोडली की शिट्टी घालते, पावसात भिजली तर आठवडाभर तोंड उघडत नाही, आणि तरी सांभाळावी लागते. मी खोलीत शिरले की पहिला प्रश्न, तोही पदराआडून, "सासूबाई कशा आहेत?" सात वर्षांच्या मुलीला हे ऐकायला मिळणं म्हणजे चैन होती. घरी जाऊन मी आमच्या शेजारच्या काकूंना, त्यांच्या खऱ्या सासूबाईंसमोर, हाच प्रश्न विचारला. पुढचं सांगत नाही.

तोंड झाकण्यामागे काही गूढ नव्हतं. कमी ऐकणारी मुलं ओठ वाचायला आपोआप शिकतात, आणि मोठ्यांना वाटतं, वा, ऐकू यायला लागलं. बाईंना ही फसवणूक चालत नसे. "ओठ बघून उत्तर दिलंस तर ते डोळ्यांचे मार्क," त्या म्हणायच्या. "मला कानांचे हवेत." त्यामुळे जिथे भेटतील तिथे परीक्षा. लग्नात अक्षतांच्या ताटाआडून. बसस्टॉपवर छत्रीआडून. आमच्या चाळीतल्या बायकांची खात्री झाली होती की ही बाई पोरींवर काहीतरी पुटपुटते. एका काकूंनी माझ्यावरून मीठमिरच्या ओवाळून टाकल्या. मिरच्या तडतडल्या, तो आवाज मला मशीनमधून ऐकू आला, आणि मी आनंदाने उड्या मारल्या. काकूंना वाटलं, बाधा उतरली.

मुलांशी बाई कधी आवाज चढवून बोलत नसत. ओरडलं की शब्द मोडतो, असं त्यांचं मत. बाकी जगासाठी मात्र त्यांच्याकडे दुसरा आवाज होता. त्यांच्या खोलीबाहेर कोणी चिवडा खाल्ला तर तो आवाज निघायचा. शिपायाला त्यांनी रबरी चपला घ्यायला लावल्या होत्या आणि शेंगदाणे खायला जिन्याखाली पाठवत. तपासणीच्या जाड दाराच्या खोलीला आम्ही मुलं कपाट म्हणायचो. त्या कपाटाला सगळे आवाज अडवता यायचे, विमानाचा सोडून. घाटकोपरवरून विमानं इतकी खालून जातात की वाटतं, चाकांना गच्चीवरचे कपडे लागतील. विमान आलं की बाई एक बोट वर करायच्या. मग सगळं जग थांबायचं. मी कपाटात, बाई बाहेर, आई बाकावर, तिघी पुतळ्यासारख्या. विमान गेलं की बाई वैमानिकाच्या खानदानाबद्दल एक वाक्य बोलायच्या आणि काम पुढे चालू.

एखाद्या मुलाने मशीन नीट चालत नाही म्हटलं तर बाई ते स्वतः लावून घरी जायच्या. दुसऱ्या कानात कापूस. एकदा अशाच मुलुंडच्या बसमध्ये बसल्या. दुसऱ्या दिवशी माझ्या आईला तावातावाने सांगत होत्या की कंडक्टरने छातीवरची वायर बघितली आणि त्यांना काही विचारलंच नाही, शेजारच्या माणसाला विचारलं, ह्यांना कुठे जायचंय म्हणून. शेजारच्याला काय ठाऊक? त्याने हातवारे करून विचारलं. मागच्या सीटवरून कोणीतरी ओरडून विचारलं. बाई मुद्दाम गप्प बसल्या आणि एक स्टॉप पुढे जाऊन उतरल्या. "कमी ऐकणाऱ्याशी कुणी बोलतच नाही गं," त्या म्हणाल्या. "त्याच्या शेजाऱ्याशी बोलतात." आई यावर "हो बाई" म्हणाली.

आई बाईंच्या प्रत्येक वाक्यावर "हो बाई" म्हणायची. कारण बाई मुलुंडच्या, शिकलेल्या, न आणि ण वेगळे वाजवणाऱ्या. शिपाई "पानी" म्हणाला तर ग्लास परत पाठवायच्या. आई मालवणकडची, घरी अस्सल मालवणी. बाईंसमोर शुद्ध बोलायचं असं तिने ठरवलं होतं, म्हणजे बोलायचंच नाही असं ठरवलं होतं. पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ या ठरवण्यात आहे.

माझं असं होतं की तीन वर्षांची असताना मोठा ताप आला आणि त्याने माझे कान अर्धेअधिक नेले. कानाशी तोंड आणून बोललं तरच कळायचं. शाळेत वर्गाच्या बाई फळ्याशी बोलायच्या, ते फळ्यालाच कळायचं. माझ्या कानाशी तोंड आणणारं माणूस जगात एकच होतं, आई. त्यामुळे मला जे काही बोलता येत होतं ते सगळं तिच्याकडून, तिच्या मांडीवर बसून आलेलं.

मशीन मिळालं होतं ते कायमचं नव्हतं. आधी काही महिने लावून बघायचं, मग वरच्या कचेरीतले डॉक्टर येऊन तपासणार. मुलाला शब्द पकडता येत असतील तर मशीन त्याचं. नसतील तर ते रांगेतल्या पुढच्या मुलाला, आणि आपल्या मुलाला कमी ऐकणाऱ्या मुलांच्या वसतिगृहाच्या शाळेत घालावं अशी शिफारस. ती शाळा पार पुण्याच्या पलीकडे. वाईट नव्हती. ज्यांना तिचा उपयोग होता अशा मुलांना बाई स्वतः पेढा देऊन पाठवायच्या. पण आईला फक्त एवढंच दिसत होतं की सात वर्षांची पोर ट्रंक घेऊन जाणार आणि तिच्या कानाशी तोंड आणायला तिथे कोण असेल. ती बाकावर बसायची ती माझी वेणी मुठीत धरून.

आणि माझे मार्क वाढेनात. बीप वाजला की मी हात वर करायचे, त्यात मी पहिली. पण छापील शब्द बाई पदराआडून बोलायच्या आणि मी ते परत बोलायचे, तिथे गाडी अडायची. फूल, पाटी, विमान बरोबर. घोडा, दिवा, तवा, मासा चूक. बाईंनी बोंडूक बदललं. वायर बदलली. सासूबाईंना पोट उघडून साफ केलं. मला आरशासमोर उभं करून "आ" करायला लावलं. मी इतका मोठा आ केला की त्यांनी माझे टॉन्सिलही तपासून घेतले. परत कपाटात बसवलं. पदराआडून, "घोडा."

मी म्हटलं, "घोडो."

बाईंनी कपाळाला हात लावला. त्यांचं निदान असं झालं होतं की या मुलीला शब्दाचा शेवटचा स्वर ऐकूच येत नाही. असं प्रकरण त्यांच्या पुस्तकात नव्हतं. माझ्याआधी आलेली मुलं एकतर अजून बोलतच नव्हती, नाहीतर शाळेचं मराठी शिकून आलेली होती.

माझं निदान वेगळं होतं. मला वाटायचं, बाई बिचाऱ्या मुलुंडच्या, त्यांना घोडो नीट म्हणता येत नाही. पुस्तकातही घोडा असं छापलं होतं, पण त्या पुस्तकात बैल निळा होता, तेव्हा त्याच्यावर किती विश्वास ठेवायचा. आणि मोठ्या माणसाला तोंडावर चुकलात म्हणायचं नाही हे आईने शिकवलेलं. म्हणून मी दर वेळी, अगदी नम्रपणे, बरोबर शब्द सांगून त्यांना सुधारायची संधी देत होते. बाई सुधारत नव्हत्या. मला त्यांची काळजी वाटायला लागली होती.

तपासणी महिन्यावर आली तेव्हा एका दुपारी बाई न सांगता आमच्याकडे उगवल्या. घरात कसला आवाज असतो, मुलीचा कान कशाने बिघडतो, हे त्यांना बघायचं होतं. भटवाडीच्या पायऱ्या चढून त्यांना दम लागला होता. आई स्टोवशी बसून बांगडे तळत होती, तिची पाठ दाराकडे. बाईंनी पदर तोंडावर घेतला. या वेळी वासामुळेही असेल. स्टोवच्या भरभरीत शब्द कितपत पोचतो ते पाहायला त्या हळूच म्हणाल्या, "तवा."

आईला वाटलं, शेजारच्या काकू आल्या. मागे न बघता ती म्हणाली, "तवो कित्याक होयो? माजो लागतलो हा."

बाई थांबल्या. मी पाटावर बसून बघत होते. त्यांचे डोळे असे झाले की जणू विमान घरात शिरलंय. त्या म्हणाल्या, "दिवा."

"दिवो थंयच आसा, फळयेर."

"मासा."

"बस गो, देतंय तुका एक मासो," आई म्हणाली आणि वळली. समोर बाई. आईच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. आणि बाई, ज्यांना मी आजवर गालात हसतानाही पाहिलं नव्हतं, त्या भिंतीला टेकत टेकत खाली बसल्या. पदर कधीच सुटला होता. हसताना त्यांचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले दिसले.

"अहो," त्या डोळे पुसत आईला म्हणाल्या, "मग तुम्हालाही मशीन लावायला लागणार."

आई घाबरली. तिने खरंच कानाला हात लावून पाहिला. तिला समजावून सांगायला बांगडे करपेपर्यंत वेळ लागला. समजलं तेव्हा ती आधी रडली आणि मग चिडली, आणि चिडल्यावर बाईंना जे बोलली ते पहिल्यांदा मालवणीत आणि सलग बोलली. महिनोन्‌महिने माझ्या पोरीक चुकीची म्हणताहात, एकदा तरी विचारायचं होतंत, असा त्याचा मतलब. बाई मान खाली घालून "हो बाई, हो बाई" करत होत्या.

त्यानंतर बाईंना मालवणीचं वेड लागलं. कुठलीही गोष्ट अर्धी करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी नियम काढला की शेवटी ओ लावायचा, आणि तो सगळ्या जगाला लावला. खुर्चो. पाण्यो. शिपायाला "इकडे येवो" म्हणाल्या तेव्हा त्याला वाटलं, बाईंनी एकदम अहोजाहो सुरू केलं, आणि तो नोकरी गेल्यासारखा आत आला. आई तोंडावर पदर धरून हसायची. आता दोघी पदराआड, आणि मला दोघींचं ऐकू येत होतं.

एवढी ओळख वाढली की पुढे मी अकरावीत जाईपर्यंत बाई माझ्या आयुष्यात काडी घालत राहिल्या. घाटकोपरला एका थिएटरच्या रांगेत मी वर्गातल्या एका मुलाबरोबर उभी होते. मागून, बहुधा पर्सच्या आडून, आवाज आला, "हा कोण?" जन्मात पहिल्यांदा मी ऐकू न आल्याचं नाटक केलं. मग बाई आपल्याशीच म्हणाल्या, "बॅटरी संपली वाटतं," आणि पुढे निघून गेल्या. पण हे फार पुढचं. त्याआधी ती तपासणी व्हायची होती.

वरचे डॉक्टर सफारी घातलेले, उंच, सकाळपासून मुलं तपासून थकलेले. माणूस दुष्ट नव्हता. पण बाईंनी घोडो समजावायला सुरुवात केली तशी त्यांनी हात वर केला. शब्द जसाच्या तसा आला पाहिजे, नियम सगळ्यांना एक. "आज घोडो चालवून घेतलं तर उद्या कुणी गाढव म्हणेल, बाई."

मला कपाटात बसवलं. ते फाइलीआडून शब्द बोलले, मी उत्तरं दिली. बाईंनी आदल्या दिवशी मला सांगितलं होतं की तू तुझंच बोल, मी बघते. त्यांना वाटलं होतं, साहेब ऐकून घेतील. काचेतून मला साहेबांचं पेन दिसत होतं. बाकावरून आईलाही दिसत होतं. ते बरोबरच्या खुणा कमी आणि फुल्या जास्त मारत होतं. आईने माझे कपडे भरून आणलेली पिशवी उचलून छातीशी धरली. मला बाहेर काढलं. साहेबांनी टोपण लावलं आणि बाईंना म्हणाले, मशीन पुढच्या मुलाला लावून बघा.

बाई काही वाद घालत बसल्या नाहीत, इथेच मला शंका यायला हवी होती. त्या अतिशय गोड आवाजात म्हणाल्या की कपाटातला एक हेडफोन मघापासून खरखरतोय, साहेबांनी जरा बसून बघितला तर बरं होईल. साहेब आत बसले. गुडघे हनुवटीला लागले. हेडफोन कानावर चढवला. बाईंनी दार लावलं, मला उचलून माइकसमोरच्या खुर्चीवर उभं केलं आणि माझ्या तोंडासमोर स्वतः फाइल धरली. असा मान मला जन्मात मिळाला नव्हता.

"सांग त्यांना," त्या कुजबुजल्या.

मी म्हटलं, "घोडो."

आतून साहेबांचा आवाज आला, "घोडा."

बाईंनी कपाटातला, चूक उत्तरासाठीचा लाल दिवा लावला. साहेबांनी दिव्याकडे बघितलं.

"दिवो."

"दिवा." लाल.

"कोंबडो."

"कोंबडा." लाल. साहेबांनी हेडफोन काढला, दार ढकललं आणि चिडून म्हणाले, "अहो, तेच तर म्हणतोय मी."

"हो ना, सर," बाई म्हणाल्या. "तीही तेच म्हणतेय."

नेमकं तेव्हाच विमान आलं. बाईंचं बोट सवयीने वर गेलं आणि साहेब, गुडघे पोटाशी घेतलेले, तसेच थांबले. विमान फार सावकाश गेलं.

मग साहेब बाहेर आले. त्यांनी कोरा कागद घेतला. मला परत कपाटात न बसवता बाकावर बसवलं, स्वतः माझ्या मागे जाऊन उभे राहिले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. घोडा. घोडो. दिवा. दिवो. आता पेनाचा आवाज वेगळा होता, छोटा, खाली येऊन परत वर जाणारा. मला तो मशीनमधून ऐकू येत होता, पण त्याचा अर्थ माहीत नव्हता. बाईंना माहीत होता. त्या टेबलाशी उभ्या राहून श्वास न घेता त्या पेनाकडे बघत होत्या. आईने डोळे मिटून घेतले होते.

शब्द संपले. साहेबांनी कागदाखालची फाइल तोंडाशी धरून जांभई दिली आणि त्याच आडून, थकल्या आवाजात, पुटपुटले, "बाई, चहा सांगा. साखर कमी."

बाई हलल्या नाहीत. जन्मभर मुलांना ऐकायला लावणाऱ्या बाईंना त्या क्षणी काही ऐकूच येत नव्हतं. मला त्यांची लाज राखणं भाग होतं. मी म्हटलं, "बाई, तेंका चाय होयी. साकर कमी."

साहेबांनी फाइल खाली घेतली. माझ्या समोर येऊन उकिडवे बसले आणि मला नीट बघितलं. मग उठून सही केली. मशीन माझं झालं, माझी शाळा माझी राहिली, आणि हे आईला दोनदा सांगावं लागलं, कारण पहिल्या वेळी तिने "हो साहेब" म्हटलं आणि पिशवीतले माझे कपडे नीट लावायला लागली.

आम्ही जिना उतरलो. आईला पळायचं होतं, साहेबांचं मन बदलायच्या आत टेकडी गाठायची होती. खालच्या मजल्यावर पोचलो तेव्हा वरून बाईंचा तो दुसरा आवाज आला. चहावाल्याशी भांडत होत्या. कमी म्हणजे किती कमी, बिनसाखरेचा सांगितला होता का, हा चहा आहे की काढा, साहेबांपुढे काय ठेवू. चहावालाही काही कमी नव्हता. बाई दिसत नव्हत्या, त्यांचे ओठ दिसत नव्हते, मधे एक अख्खा मजला होता, आणि शब्दन्‌शब्द माझ्यापर्यंत येत होता. आईने माझा हात ओढला. मी कठड्याला घट्ट धरून उभी राहिले.

"थांब गे," मी म्हटलं, "आयकतंय."